गुणवंत मुलांचा जाहीर गौरव: कोणाचा, कधी आणि कोणत्या शब्दांत

मॅडम, गौरव नक्की करा. फक्त २६ जानेवारीला करू नका.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कोणी वाचलं तर संदर्भ लागेल. तुमच्या केंद्रात अकरा शाळा आहेत. केंद्रातल्या हुशार मुलांचा ग्रामपंचायतीच्या वतीने प्रजासत्ताक दिनी गौरव करावा, असं सरपंचांच्या मनात आहे. तुमच्या काही शिक्षकांना ते पटत नाही. चार मुलांना हार घातले की बाकीच्या साठ मुलांच्या मनात ‘आपण ढ’ हे पक्कं बसतं, असं ते म्हणतात. गौरव करावा का, निवड कशी करावी, मुलांना काय द्यावं आणि पाहुणे कोण बोलवावेत, असं तुम्ही विचारलं आहे. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं काढली. आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक आणि शेवटी केंद्रप्रमुख. त्या अनुभवातून लिहितो.

तारखेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंच काही तिच्यात अडकलेलं आहे. तुमचा भाग आमच्यासारखाच ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. २६ जानेवारीला निम्मं गाव फडावर असतं. ज्या आईबापांच्या कानावर आपल्या लेकराचं नाव पडायला हवं, ते त्या सकाळी कुठेतरी कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या सरीत उभे असतात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि ज्यांची मुलं एरवीही शिकणारच आहेत अशी घरं.

१५ ऑगस्टला करा. त्या दिवशी ग्रामसभा असतेच आणि टोळ्याही गावात असतात. याच दिवसांत मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घ्यायची बोलणी चाललेली असतात. यंदा कोणाचा कोयता, म्हणजे तोडणारी नवरा-बायकोची जोडी, कोणत्या कारखान्याला लागणार, पोरं सोबत न्यायची की मागे ठेवायची, हे घराघरांत याच महिन्या-दोन महिन्यांत ठरतं. गौरवाचा शब्द घरात पोचायचा असेल तर तो या निर्णयाच्या आधी पोचला पाहिजे.

हे मला एका मुलीमुळे कळलं. ती पाचवीत होती, आईबाप दोघंही तोडीला जाणारे. शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात. आजीपाशी राहिली म्हणून ती परीक्षेला बसू शकली आणि जिल्ह्याच्या ग्रामीण यादीत आली. गणितात हिची समज वेगळी आहे, हे मी त्याआधी दोन वर्षं प्रगतिपुस्तकावर लिहीत होतो. पालकभेटीला बाप आला की तोंडीही सांगत होतो. तो मान हलवायचा आणि जायचा. त्या वर्षी १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसेवकांनी ग्रामसभेत तिच्याबद्दलचा कागद वाचला. बाप मागे लिंबाखाली उभा होता. सभा संपली, मंडळी पांगली, तरी तो तिथेच. मग माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “गुरुजी, पोरगी येवढी हुशार हाय, तर हे आदी का न्हाई सांगितलं?”

मी सांगितलं होतं. पण शाळेच्या खोलीत मास्तराने सांगणं वेगळं आणि सगळ्या गावासमोर सरकारी माणसाने कागदावरून वाचणं वेगळं. पहिलं त्याच्या लेखी मास्तराचं चांगलं बोलणं होतं. दुसरं गावाच्या दप्तरी लागलेली नोंद होती. त्यानंतरच्या हंगामात आजी आजारी होती. एरवी पोरगी फडावर गेली असती, धाकट्या भावाला सांभाळायला. बापाने स्वतः येऊन हंगामी वसतिगृहात तिचं नाव घातलं.

म्हणून माझं मत असं बनलं आहे की अधिकृत जाहीर गौरवाचा पहिला मानकरी मूल असलं, तरी तो ऐकायचा असतो घराने. शहरातल्या सुशिक्षित घराला आपलं मूल हुशार आहे हे सांगावं लागत नाही. आपल्याकडे ते सांगावं लागतं, आणि अशा माणसाच्या तोंडून सांगावं लागतं की ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे. तुमचे शिक्षक म्हणतात तसा गौरव बंदच केला, तर नुकसान नेमकं या घरांचं होईल.

पण त्या शिक्षकांची शंका खोटी नाही. न्यूनगंड येतो, मी पाहिलेला आहे. तो कशाने येतो ते मात्र नीट बघायला हवं. दुसऱ्याचं कौतुक ऐकून मूल खचत नाही. कबड्डीत चांगली पकड करणाऱ्याचं कौतुक सगळा वर्ग आनंदाने करतो, कारण पकड सगळ्यांनी पाहिलेली असते आणि उद्या आपणही करून बघू असं वाटतं. खच्चीकरण होतं ते ‘हा हुशार आहे’ या वाक्याने. त्यात न सांगता असंही सांगितलेलं असतं की हुशारी ही अंगातच असावी लागते, याला मिळाली आणि तुला मिळाली नाही.

ज्याचं कौतुक होतं त्यालाही हे वाक्य बाधतं. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत फार बोलके आहेत. पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. झाल्यावर काहींना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना सांगितलं, तू चांगली मेहनत घेतलीस. फरक एवढ्या एका वाक्याचा. पुढे मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळीच मुलं अडली. त्यानंतर हुशार म्हटलेल्या मुलांचा कोड्यांतला रस कमी झाला, टिकून राहण्याची तयारी कमी झाली आणि नंतर पुन्हा सोपी कोडी दिली तेव्हा त्यांची कामगिरी आधीपेक्षा घसरली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं सुधारली. दुसऱ्या शाळेतल्या मुलांना आपले गुण लिहून कळवायला सांगितलं, तर हुशार म्हटलेल्यांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास मुलांनी ते वाढवून लिहिले. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझ्याच वर्गातली दोन-तीन पोरं आली. पेपर अवघड गेला की पोटात दुखतं म्हणणारी.

दुसरा एक प्रयोग त्याहून जुना, १९७३ चा, मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. बालवाडीतली मुलं, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं की सोनेरी चिन्ह आणि लाल फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर बक्षिसाचं आमिष दाखवलेली मुलं मोकळ्या वेळात चित्राकडे निम्मंच फिरकत होती. ज्यांना अचानक मिळालं त्यांची आवड शाबूत होती. म्हणून माझा सल्ला असा की जून महिन्यात वर्गात ‘यंदा पहिल्या येणाऱ्याला ग्रामसभेत ट्रॉफी’ असं जाहीर करू नका. गौरव मुलाच्या कामाच्या मागून यावा. त्याची लालूच पुढे टांगू नये.

आता निवड. सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागतो आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

बहुतेक ठिकाणी शिष्यवृत्तीचा निकाल उघडतात, नावं काढतात आणि यादी झाली म्हणतात. आधी तो निकाल तरी नीट वाचा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या या परीक्षेत दोन पेपर, दीडशे-दीडशे गुणांचे. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. दोन्ही पेपरांत ४० टक्के मिळाले की मूल ‘पात्र’ होतं. पण ‘शिष्यवृत्तीधारक’ तेच, जे त्या पात्र मुलांतून गुणवत्ता यादीत येतं. पैसे त्यालाच मिळतात. गौरवाच्या कार्यक्रमांत हे दोन शब्द सर्रास मिसळले जातात. मंचावरून ‘शिष्यवृत्ती मिळवल्याबद्दल’ म्हणतात, घरचे खात्यात पैसे यायची वाट बघतात आणि वर्षभराने मास्तरावर संशय येतो. पात्र मुलांचाही गौरव जरूर करा. आपल्या शाळांतून पात्र होणं ही मोठी मजल आहे. पण शब्द बरोबर वापरा.

२०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवी-आठवीला होत होती. ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आपल्या दृष्टीने तो महत्त्वाचा. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच आहेत, पाचवीला परीक्षा गेल्यावर त्या शाळांचं या परीक्षेशी नातंच तुटलं होतं. तुमच्या अकरा शाळांतल्या वस्तीवरच्या शाळा आता परत यात येतील. यादी करताना त्यांच्याकडे आधी बघा.

पण शिष्यवृत्ती हे एकच जाळं आहे, आणि त्याच्या भोकांतून बरंच काही निसटतं. मोठमोठ्या माणसांच्या हातून निसटलेलं आहे. लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात बुद्धिमत्ता चाचणी घेऊन सुमारे दीड हजार असामान्य मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्या चाचणीत बसले नाहीत म्हणून जे वगळले गेले त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांतून एकालाही नाही.

माझ्या हातूनही एक निसटला. सहावीतला मुलगा, वाचन कच्चं, शुद्धलेखन त्याहून कच्चं. वर्षातले चार-पाच महिने फडावर, त्यामुळे बुद्धिमत्ता चाचणीचा सराव नावालाही नाही. मी त्याला मागे पडलेल्या मुलांच्या यादीत घातलं होतं. एकदा टोळी परत आली तेव्हा त्याचा बाप मुकादमाशी हिशोब करत ओट्यावर बसला होता. किती गाड्या, किती टन, टनाला काय भाव, उचल किती फिटली. मुकादम वहीतून वाचत होता आणि हा पोरगा बाजूला बसून प्रत्येक आकडा तोंडी पुढे सांगत होता, वहीच्या आधी. एका ठिकाणी वहीतली बेरीज चुकलेली त्याने धरली. मी रस्त्याने चाललो होतो, थांबलो. पोरगा तेव्हा चौदा वर्षांचा झाला होता आणि शाळा सोडून त्याला सात-आठ महिने झाले होते. मी घरी दोनदा गेलो, पण तो परत आला नाही. त्याच्यासारख्याचं नाव वेळेवर पुकारलं गेलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही. तुम्हाला एवढं लांबलचक लिहितोय त्याचं खरं कारण तो आहे.

तेव्हापासून मी नियम केला की नावं सुचवायचं काम फक्त वर्गशिक्षकाच्या नजरेवर सोडायचं नाही. आपल्याला नीटनेटकं, बोलकं, वही स्वच्छ ठेवणारं मूल हुशार वाटतं, तो आपला दोष नसला तरी आपली मर्यादा आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये दुसरीच्या सरसकट सगळ्या मुलांची चाचणी घ्यायला सुरुवात केली. त्याआधी शिक्षक आणि पालक सुचवतील त्यांचीच घेत. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तर सरसकट चाचणीनंतर गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं विशेष बुद्धिमान म्हणून कितीतरी जास्त संख्येने पुढे आली होती. मुलं तीच होती. आधी त्यांच्याकडे कोणी बघितलं नव्हतं.

आपल्याला तेवढी यंत्रणा लागत नाही. माझ्या केंद्रात आम्ही जुलैमध्ये एक आठवडा ठेवायचो. प्रत्येक मुलाला, सरसकट, चार गोष्टी करायला द्यायच्या. एक तोंडी हिशोबाचं काम, लिहायचं नाही. एक कोडं किंवा आकृती, भाषा न लागणारी. एक वस्तू उघडून जोडायची, बॅटरी, सायकलची घंटा, काहीही. आणि एक गोष्ट सांगायची, लिहायची नाही. दुसऱ्या शाळेचा शिक्षक बघायला बसायचा, आपल्या शाळेचा नाही. त्या आठवड्यात दरवर्षी दोन-तीन नावं अशी निघायची की वर्गशिक्षक म्हणायचे, हा? खरंच? पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी काढली, ती बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठीच. तिथेही पहिल्यापासून बुद्धी म्हणजे एकच मोजपट्टी नाही, तिला अनेक पैलू आहेत, हे धरूनच मुलं निवडत आले. आपण खेड्यात बसून तेवढं मान्य करायला काही हरकत नाही.

शिवाय इतर वाटांनी आलेली मुलंही यादीत घ्या. शासकीय रेखाकला परीक्षेत, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये चांगली श्रेणी मिळवणारं मूल गावात कोणाला माहीतच नसतं. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक या विज्ञानातल्या नव्या कल्पनांच्या योजनेत शाळेला मुलांच्या पाच कल्पना पाठवता येतात, निवड झाली तर प्रतिकृती करायला १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. आमच्याकडे काही शाळा ती पाच नावं शेवटच्या दिवशी हजेरीपटावरून भरायच्या. तसं होऊ देऊ नका, जुलैच्या आठवड्यातल्या मुलांकडे आधी बघा. आठवीच्या एनएमएमएसमध्ये, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेत आलेली मुलं तर घ्यायलाच हवीत. आणि शालेय क्रीडा स्पर्धांत विभागापर्यंत गेलेला पोरगा या यादीत असला की बाकीच्या मुलांना यादी आपलीच वाटते.

किती नावं? माझ्या मते एका शाळेची तीन-चारच्या वर नकोत. पन्नास मुलांना एकच पदक दिलं की कोणाचाच गौरव झालेला नसतो. आणि पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लावू नका. एकाने चित्र काढलं, एकीने गणित सोडवलं, एकाने पंप दुरुस्त केला, यांचा क्रम लावायचा कसा? दहावीची राज्याची गुणवत्ता यादी लागायची ते दिवस मला आठवतात. बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो पेपरात, पेढे भरवताना. मंडळाने ती यादी बंद केली त्याला आता बरीच वर्षं झाली आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. अर्ध्या गुणाच्या फरकावरून पोरांची जन्माची ओळख ठरायची. त्याहून जुनी पद्धत मला जास्त आवडते. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती एकोणिसाव्या शतकापासून आहे. ती एका विषयातल्या कामाबद्दल मिळते, आणि ‘शंकरशेट स्कॉलर’ एवढं म्हटलं की ते काम काय हे ऐकणाऱ्याला कळायचं. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांना ती १९१२ मध्ये मिळाली होती.

यावरून पुढचा मुद्दा, वाचायच्या कागदाचा. माझ्या मते सगळ्या कार्यक्रमात महत्त्वाची वस्तू हीच. आपल्या प्रमाणपत्रांवर एकच वाक्य छापलेलं असतं, ‘उज्ज्वल यश संपादन केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्यातून ना आईबापांना काही कळतं, ना बाकीच्या पोरांना. त्या मुलीच्या कागदावर आम्ही हे लिहिलं होतं: “९९ गुणिले ४८ हे गणित हिने उभी मांडणी न करता केलं. ४८ चे शंभर पट ४८००, त्यातून एक ४८ कमी, म्हणजे ४७५२. ही रीत तिला कोणी शिकवली नव्हती. तिने ती वर्गातल्या चौघींना समजावून सांगितली आणि आता त्या चौघीही अशीच करतात. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी तिने आजीपाशी राहून रोज पहाटे एक प्रश्नपत्रिका सोडवली.” बस, एवढंच.

ग्रामसेवक वाचत होते तेव्हा पुढे बसलेली पोरं बोटांवर करून बघत होती. एकाने मोठ्याने विचारलं, मग ९८ असलं तर? ती मंचावरूनच म्हणाली, दोन अठ्ठेचाळीस काढायचे. तुमच्या शिक्षकांच्या न्यूनगंडाच्या शंकेला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. नेमकं काम सांगितलं की ऐकणाऱ्याला ते करून बघता येतं.

असा कागद लिहायला वेळ लागतो. एका मुलाला अर्धा तास धरा. शिक्षकाला लिहिता येत नसेल तर समजा की त्याने मुलाला काम करताना पाहिलेलं नाही, मग ते नाव पुढच्या वर्षीवर टाका. कौतुकात गरिबीचं वर्णन नको. ‘अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत’ हे शब्द ऐकताना खाली मान घालून बसलेली आई मी पाहिली आहे.

कार्यक्रमाबद्दल थोडंच सांगतो. एका मोठ्या सत्कार समारंभाला मी पोरं घेऊन गेलो होतो. दहाची वेळ, पाहुणे दोनला आले. पोरं उपाशी, मंडपात ऊन. शेवटी घाईघाईत दहा-दहाच्या तुकडीने मंचावर बोलावलं, नावं चुकीची वाचली, एका मुलीला मुलाचं प्रमाणपत्र मिळालं. घरी येताना जीपमध्ये कोणी बोललं नाही. म्हणून वेळ झाली की सुरू करा, कोणी येवो न येवो. ग्रामसभेतला गौरव पाऊण तासात संपला पाहिजे.

चेहऱ्याचे मोठे फ्लेक्स लावू नका. आमच्या भागात एका मुलाचा फ्लेक्स चौकात वर्षभर होता. आठवीला त्याचं नाव यादीत आलं नाही, तर पारावर बसणारी माणसं त्याला हटकून विचारायची. पोरगा शाळेला मागच्या वाटेने जायला लागला. त्याच्या आईने येऊन मला सांगितलं तेव्हा कळलं. मी सरपंचांना गाठून फ्लेक्स उतरवला, पण तोवर झालं ते झालं होतं. फोटो काढायचे असतील तर आईबापांची लेखी संमती घ्या, आणि ग्रुपवर टाकताना बैठक क्रमांक, आधार असलं काही दिसणार नाही एवढं बघा.

द्यायचं काय? शब्दकोश, कंपासपेटी, चांगले रंग, ज्याने वस्तू जोडली त्याला हत्यारांचा छोटा संच. ट्रॉफी कपाटावर जाते. आणि आईला मंचावर बोलवा, बापासोबत. काही आया येत नाहीत, लाजतात. शेजारणीला सोबत आणायला सांगा.

आता शेवटचं काम, जे कार्यक्रमात दिसत नाही. मंडपाच्या बाजूला एक टेबल मांडा, त्यावर एक शिक्षक बसवा. गौरव झालेलं मूल आणि त्याचे आईबाप मंचावरून थेट त्या टेबलाशी आले पाहिजेत. शिष्यवृत्तीधारक असेल तर त्याच्या खात्याचं पासबुक, आधारवरचं नाव, आयएफएससी कोड तिथेच तपासा. २०२३-२४ पासून रक्कम वाढून पाचवीच्या परीक्षेला वर्षाला ५,००० रुपये तीन वर्षं आणि आठवीच्या परीक्षेला वर्षाला ७,५०० रुपये दोन वर्षं झाली. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने हे पैसे अडलेले मी पाहिले आहेत, आणि बाप तोडीला गेल्यावर दुरुस्ती कोण करणार?

एनएमएमएसच्या मुलांचं तर फारच जपा. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी, म्हणजे एकूण ४८,०००. पण परीक्षेत निवड झाली म्हणजे पैसे सुरू झाले असं नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि पुढे दरवर्षी तो नव्याने चालू ठेवावा लागतो. दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच असायला हवं. नववीला हौसेने विनाअनुदानित शाळेत घातलं आणि शिष्यवृत्ती गेली, असं होतं. हे आईबापांना त्या टेबलावर, त्या दिवशी सांगा. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ पासून स्थगित आहे, तरी काही जण अजून पालकांना तिची स्वप्नं दाखवतात. तिच्याऐवजी नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळांची सहावीची प्रवेश परीक्षा, तिचा अर्ज कधी भरायचा, हे सांगितलं तर उपयोग होईल. वस्तीवरच्या मुलांसाठी ती खरी वाट आहे, कारण किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत.

टेबलावरच्या वहीत प्रत्येक मुलापुढे एक शिक्षकाचं नाव लिहा. हंगामात ते मूल कुठे राहणार, हे त्या शिक्षकाने सप्टेंबरअखेर विचारून नोंदवायचं. पुढच्या वर्षी त्या मुलाचं नाव यादीत नसलं, तरी याच शिक्षकाने त्याला कार्यक्रमाला बोलवायचं आणि नव्या मुलाला कागद द्यायचं काम त्याच्याकडे द्यायचं. यादीबाहेर गेलेलं मूल पुसलं गेलं असं त्याला वाटू नये.

पाहुण्यांचं तुम्ही विचारलंत. गटशिक्षणाधिकारी येत असतील तर जरूर बोलवा, तहसीलदार आले तर फारच चांगलं. अधिकृत माणसाच्या शब्दाला वजन असतं, त्या बापाने मला ते शिकवलं. पण त्यांच्याकडून भाषण मागू नका, कागद वाचून घ्या. आदल्या दिवशी सगळे कागद त्यांच्याकडे पोचवा, मोठ्या अक्षरात टाइप करून, आणि नावांचे उच्चार फोनवर एकदा म्हणून दाखवा. मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग वस्तीचं. वस्तीचं नाव गाळू नका, तिथली दहा माणसं तेवढ्यासाठी चालत आलेली असतात.